मेटगडावरची हाक

लाइफ जॅकेट घालायला धोंडुबाईनं साफ नकार दिला. ज्योतिबा नावाडी ते नारिंगी जॅकेट हातात धरून उभा होता आणि ही चौऱ्याऐंशी वर्षांची बाई लाँचच्या फळीवर मांडी ठोकून बसली होती. नियम आहे, असं त्यानं सांगून पाहिलं. माझं गाव पाण्यात घातलं तेव्हा मला विचारून नियम केला होता का, असं तिनं उलट विचारलं. याचं उत्तर सरकारपाशीही कधी नव्हतं. शेवटी तिच्या नातीनं, प्रांजलनं, ते जॅकेट आजीच्या मांडीवर ठेवलं, ज्योतिबानं ते घातल्यात जमा धरलं आणि इंजिन सुरू केलं.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. कोयनेचं पाणी खूप उतरलं होतं आणि काठाकाठानं तांबड्या मातीचे पट्टे उघडे पडले होते. समोर अर्ध्या तासाच्या अंतरावर मेटगड दिसत होता. धरण व्हायच्या आधी तो चांगला पायी चढून जायचा डोंगर होता. आता चारी बाजूंनी पाणी, म्हणजे बेटच. थंडीच्या दिवसांत सातारा-पुण्याची माणसं परवानगी काढून येतात, दरवाजा बघतात, खडकात खोदलेलं टाकं बघतात, बुरुजावर उभं राहून फोटो काढतात आणि चारच्या आत परततात. मे महिन्यात इकडे कुणी फिरकत नाही. लाँचमधली तीन माणसंही फिरायला आली नव्हती. ती एक भांडण मिटवायला आली होती.

भांडण धोंडुबाईच्या कुंकवाचं होतं.

चौसष्ट वर्षांपूर्वी धरणात पाणी अडवलं त्या पावसाळ्यात गडाखालचं मेट हे गाव उठलं. गवळी धनगरांची तीसेक घरं होती. धोंडुबाई तेव्हा विशीची, मांडीवर पाच महिन्यांचा मल्हार. म्हशी गडावर चरत होत्या. तुम्ही पुढं व्हा, मी म्हसरं घेऊन येतो, असं सांगून तिचा नवरा कोंडीबा वर गेला. संध्याकाळपर्यंत वाट पाण्याखाली गेली. पुढे आठ दिवस होड्या फिरल्या, पण ना कोंडीबा सापडला ना एखादी म्हैस. बाकीची माणसं ट्रकांत बसून आटपाडीकडच्या कोरड्या माळावर आली आणि हळूहळू शेतकरी झाली. धोंडुबाईनंही माळावर घर बांधलं, मुलगा वाढवला, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत राहिली. मरायचाच असता तर मला कळवून मेला असता, एवढं एकच उत्तर ती सगळ्यांना द्यायची. चार वर्षांपूर्वी करोनात मल्हार, प्रांजलचा बाप, गेला, तेव्हाही रडून झाल्यावर तिनं उठून कुंकू लावलं होतं.

लाँचच्या टोकाला पाठ ताठ करून बसलेला लालासाहेब म्हणजे कोंडीबाच्या धाकट्या भावाचा मुलगा. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, बासष्टीचा. दुष्ट माणूस मुळीच नव्हता. विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव ग्रामसभेत आला तेव्हा पहिला हात त्यानंच वर केला होता. पण ठराव गावाचा आणि चुलता घरचा. माझा भाऊ मध्येच अडकलाय, त्याला पाणी दे, असं त्याच्या बापानं मरताना त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. शिवाय नोकरीत असताना बेपत्ता जवानांच्या घरी निरोप घेऊन जायचं काम त्यानं केलं होतं, आणि वाट बघून बघून वाळून गेलेल्या बायका पाहिल्या होत्या. त्यामुळे प्रांजलच्या लग्नात पहिली सवाशीण म्हणून आपणच हळद लावणार असं धोंडुबाईनं जाहीर केलं, तेव्हा तो अडून बसला. आधी चुलत्याचं कार्य, मग हळद. आणि कार्य झालं की कुंकू राहत नाही, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

"मेटगडावर चल," धोंडुबाईनं त्याला सुनावलं होतं. "तितं पिंड ठेव. कावळा शिवला तर माज्या हातानं कुंकू पुसीन. न्हाई शिवला तर पुन्यांदा त्वांडातनं शब्द काढायचा न्हाई."

लालासाहेबानं ते मान्य केलं. प्रांजल मात्र भडकली. विश्रामबागेतल्या कॉलेजात मुलांना न्यूटन शिकवायचा आणि घरी आजीचं कपाळ एका पाखराच्या चोचीवर सोडायचं, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरामुलगा देवदत्त साताऱ्याचा, त्याच्या घरच्यांची काही हरकत नव्हती. जे काही होतं ते आपल्याच भावकीचं होतं. चिडून झाल्यावर तिनं शांत डोक्यानं विचार केला. कावळा माणसाच्या खरकट्यावर जगतो. जिथं साठ वर्षांत चूल पेटलेली नाही तिथं कावळा कशाला जाईल? म्हणजे पैज आजीनं आधीच जिंकली होती. मग तिनं मुकाट्यानं पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि निघाली.

लाँचमध्ये तिनं मुद्दाम लालासाहेबाच्या कानावर जाईल असं ज्योतिबाला कावळ्यांबद्दल विचारलं. पंधरा वर्षांत बेटावर एकही कावळा पाहिला नाही, असं ज्योतिबानं सांगितलं. प्रांजलला बरं वाटलं. मग कुणी न विचारता तो पुढे बोलला.

"रातीला ऱ्हायाला कुनी न्हाई तितं. पर वाट बुजत न्हाई, ताई. पावसाळ्यात कारवी मानसाएवडी वाडती, आन दिवाळीला जावं तर वाट मोकळी. फॉरेस्टवाले म्हनत्यात आमी न्हाई तोडली."

एवढं बोलून त्यानं लाँच काठाला लावली. वर येणार नाही, इथंच थांबतो, असं त्यानं सांगितलं आणि टोपी तोंडावर ओढून घेतली.

काठाच्या वरच्या अंगाला जुनं मेट उघडं पडलं होतं. भिंती, वासे, दारं तेव्हाच लोकांनी काढून नेली होती. उरली होती ती घरांची दगडी जोती, त्यांवर वाळून भेगाळलेला गाळ, आणि मध्येच एखादा रांजणाचा बुडखा. धोंडुबाई कुणाला न विचारता चालत राहिली. सातवं जोतं, मग उजवीकडे, मग उतारावरचं शेवटचं. तिथं ती थांबली.

ते जोतं सारवलेलं होतं.

प्रांजलनं वाकून बोट लावलं. शेण ओलं होतं. हाताचे अर्धगोल फटकारे एकाला एक लागून, कोपऱ्यापर्यंत नीट गेलेले. चारी बाजूंनी भेगा पडलेला गाळ होता आणि वर अकरा वाजताचं ऊन. अशा उन्हात सारवण अर्ध्या तासात वाळतं. कुणी वनमजूर बसायला जागा करून गेला असेल, असं ती मनाशी म्हणाली. पण आठवड्यापूर्वीपर्यंत पाण्यात असलेलं, ना भिंत ना छप्पर असलेलं जोतं कोणता वनमजूर सारवील, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं बोट रुमालाला पुसलं.

लालासाहेब जोत्यावर चढायला गेला, तशी धोंडुबाई त्याच्यावर खेकसली.

"वाळल्याबिगर पाय ठिवू नगं."

आणि पदर खोचून, काठी टेकत ती गडाच्या वाटेला लागली.

वाट दोन हात रुंद आणि मोकळी होती. दोन्ही बाजूंच्या कारवीची तोडलेली टोकं अजून पांढरी होती. दरवाज्याची कमान शाबूत होती, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, त्यापुढे टाकं. टाक्यातलं पाणी काळं आणि इतकं गार की प्रांजलची बोटं दुखली. काठाच्या दगडावर घागर टेकवल्याचे तीन ओले गोल होते. ती बघत असतानाच त्यातला एक वाळून गेला.

पुढे तटाच्या आतल्या अंगाला शेण्या थापलेल्या होत्या. सरळ रांगेत, प्रत्येकीवर पाच बोटं उमटलेली. लालासाहेबानं वरच्या ओळीतली एक दाबून पाहिली. बोट आत गेलं.

"म्हशीचं हाय," तो म्हणाला. गवळ्याच्या घरातला माणूस, त्याला वास पुरे होता.

मग दोघांनी गड फिरून पाहिला. म्हैस नव्हती, खूर नव्हता, गवत कुठं खाल्लेलं नव्हतं. होडीनं कुणी येत असेल, असं लालासाहेब म्हणाला. शेण्या थापायला का, असं प्रांजलनं विचारलं. त्यानं पिशवी खांद्यावर घेतली आणि बुरुजाकडे चालू लागला.

बुरुजाच्या तोंडाशी त्यानं दगड पुसून पान मांडलं, घरून आणलेल्या भाताचा पिंड ठेवला, वर दही घातलं, पाणी सोडलं आणि हात जोडून मागे सरला. बारा वाजले होते. खाली पाणी चकाकत होतं, पलीकडे समोरच सरळ तुटलेला कडा. प्रांजल आजीला सावलीला बसवून घड्याळ बघत होती. तासभर थांबायचं ठरलं होतं. वीस मिनिटं काहीच हललं नाही आणि तिला मनातून हसू यायला लागलं.

पहिला कावळा समोरच्या कड्याकडून आला. पाण्यावरून सरळ, घाई न करता. तो तटावर बसला. मग दोन आले. मग एकामागून एक येत राहिले. चाळीसपर्यंत मोजून प्रांजलनं मोजणं सोडलं. तटाची सगळी कड काळी झाली. एकही ओरडला नाही. एवढे कावळे एका जागी इतके गप्प बसलेले तिनं कधी पाहिले नव्हते. आपल्या हिशोबाचा तिला मनस्वी राग आला.

एक कावळा खाली उतरला. उड्या मारत पानाजवळ गेला. धोंडुबाईचा हात आपसूक कपाळाकडे गेला आणि ती प्रचंड घाबरलीय हे प्रांजलला पहिल्यांदाच कळलं. चौसष्ट वर्षांत कुणाला दिसू दिलं नव्हतं तिनं ते.

कावळा पिंडापासून वीतभर अंतरावर थांबला. मान वळवून त्यानं माणसांच्या मागे, खालून येणाऱ्या पायऱ्यांच्या दिशेनं पाहिलं. मग एकेक पाऊल मागे घेत गेला आणि उडून परत तटावर बसला. दुसरा आला. तोही तसाच थांबला, तिकडेच पाहिलं, मागे सरला. तिसरा तर उतरलाच नाही.

लालासाहेब शब्द द्यायला लागला. प्रांजलचं लग्न थाटात करीन. काकीला शेवटपर्यंत सांभाळीन. मल्हारच्या नावानं शाळेला खोली बांधून देईन. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, कावळे ऐकत होते, आणि पिंड तसाच होता. तास संपला. तेव्हा त्यानं पिशवीतून दर्भाची जुडी काढली आणि वाकवून, गाठ मारून तिचा कावळा करायला घेतला.

"काका, हे ठरलं नव्हतं," प्रांजल म्हणाली.

"रीत हाय ती. खरा शिवला न्हाई तर दर्भाचा शिवीवत्यात. समदी करत्यात."

प्रांजल उठून त्याच्या आणि पानाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "मग माझ्या हळदीला तुम्ही कुणीच येऊ नका. आज्जीनं लावली तर लावीन, नाहीतर कोरड्या अंगानं लग्नाला उभी राहीन."

"आगं, त्या मानसाला किती वर्सं लटकत ठिवायचं?" लालासाहेबाचा आवाज फुटला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

धोंडुबाई उठली. काठी तिनं तिथंच टाकली.

"त्या दिशी काठावरनं मी हाक मारली व्हती," ती म्हणाली. "आवं, म्हनून. तीस घरच्या बायका काठाला हुब्या. समद्यांचे गडी वर डोंगरात, आन समद्याच आवं, आवं करून वरडत व्हत्या. कुनाच्या आवंला कुनी ओ द्यायची? नाव घिऊन हाक मारली असती तर आला असता. पर न्हवऱ्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य कमी हुतं म्हनत्यात. म्हनून न्हाई घेतलं. अजून न्हाई घेतलं."

घरात, हळदीकुंकवात, उखाण्याला सुद्धा आजीच्या तोंडून ते नाव कधी आलं नव्हतं, हे प्रांजलच्या आत्ता लक्षात आलं.

"आता नव्वदीला आलेल्या मानसाचं आनिक किती कमी हुनार हाय?" धोंडुबाई म्हणाली, आणि बुरुजाच्या तुटक्या कडेपर्यंत गेली. दोन्ही हात तिनं तोंडाशी धरले.

"कोंडीबा!"

हाक पाण्यावरून गेली. समोरच्या कड्यावर आपटली. परत आली: कोंडीबा.

तीन सेकंद, प्रांजलनं सवयीनं मोजलं. म्हणजे कडा पाचशे मीटरवर. प्रतिध्वनी. ठीक.

प्रतिध्वनी विरला.

मग खालून, जोत्यांच्या अंगानं, ओ आली.

कडा माणसाचाच शब्द परत देतो. जो शब्द कुणी उच्चारलाच नाही तो देत नाही. प्रांजल हे दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायची.

"ओ," पुन्हा आलं. "आलो."

आवाज पंचविशीच्या माणसाचा होता.

सगळे कावळे एकदम उठले आणि आले तसे, न ओरडता, पाण्यावरून निघून गेले.

लालासाहेबाच्या हातातला दर्भ खाली पडला होता. मग तो धावला. बासष्टीचा माणूस पायऱ्या दोन-दोन करत उतरत गेला. खालची तीसही जोती त्यानं पालथी घातली, दगडामागे पाहिलं, काठ पाहिला. ज्योतिबा लाँचमध्ये उठून बसला होता. त्यानंही ऐकलं होतं, पण कुणी दिसलं नव्हतं. प्रांजल आजीला धरून हळूहळू खाली पोचली तेव्हा लालासाहेब गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. तो परत वर गेला, पान उचलून घेऊन आला आणि पिंड त्यानं पाण्यात सोडून दिला.

"काकी," तो म्हणाला, "हळद तूच लाव."

थोडं थांबू या का, असं प्रांजलनं आजीला विचारलं. धोंडुबाई तोवर लाँचमध्ये चढलीसुद्धा होती.

"थांबून काय करू? म्हसरं गोळा कराया येळ लागतो. आलो म्हटलंय न्हवं त्येनं? माळाची वाट ठावं न्हाई त्येला. इचारत इचारत यील."

घरी आल्यावर प्रांजलनं यातलं कुणाला काही सांगितलं नाही. देवदत्तला फोनवर गड बघून आलो एवढंच म्हणाली. तिनं स्वतःशी दोन-तीन स्पष्टीकरणं मांडून पाहिली. एकही टिकेना, तेव्हा तिनं ती सोडून दिली आणि मांडववाल्याशी भांडत बसली. तिला हवं होतं ते मिळालं होतं. ते कसं मिळालं हे तिला विचारायचं नव्हतं.

सहाव्या दिवशी लालासाहेब पत्रिका द्यायला विट्याला गेला होता. परत आल्यावर त्यानं प्रांजलला मांडवाच्या खांबाशी बाजूला घेतलं. एसटी स्टँडजवळच्या चहावाल्यानं त्याला विचारलं होतं, तुम्ही मेटाचे ना? आदल्या दिवशी दहा-बारा म्हशी घेऊन एक जवान गडी रस्त्यानं गेला. एवढ्या उन्हात डोक्यावर घोंगड्याची खोळ. मेटाची माणसं कुठं राहतात म्हणून विचारत होता; चहावाल्यानं त्याला पूर्वेची वाट दाखवली होती. उन्हाळ्यात चाऱ्यासाठी माणसं जनावरं घेऊन फिरतातच, असं प्रांजल म्हणाली. फिरतात की, असं लालासाहेब म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

हळद दुसऱ्या दिवशी दुपारची होती. भावकीतल्या बायका कुजबुजत जमल्या. पण हळदीचं ताट लालासाहेबानं स्वतः उचलून धोंडुबाईपुढे धरलं आणि तो तिथंच उभा राहिला, तेव्हा कुजबुज बंद पडली. धोंडुबाईनं दोन्ही हातांनी नातीच्या गालांना हळद लावली, मग हातांना, मग पायांना. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वाजत होत्या. प्रांजलला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. इतका अभिमान तिला डिग्री घेतानाही वाटला नव्हता.

उरलेल्या चार सवाशिणींची हळद चालू असताना आजी एकदम थांबून ऐकू लागली. मग उठली. हात धुतले. तांब्याची कळशी भरून घेतली आणि मांडवातून चालत जाऊन दाराबाहेरच्या पाय धुवायच्या दगडाजवळ ठेवली. आत वळताना तिनं पदर डोईवरून कपाळापर्यंत ओढून घेतला. आजीला पदर घेतलेलं प्रांजलनं जन्मात पाहिलं नव्हतं.

दारापाशी लालासाहेब एकटाच होता. माळ लांबपर्यंत मोकळा, ऊन मी म्हणत होतं.

कळशीतलं पाणी कमी होत होतं. दगडावरून ओघळ निघाला होता, तांबडा, गढूळ. माळाची माती पांढरट आहे.

लालासाहेब सावकाश पुढे झाला. थोरल्या माणसापुढे वाकतात तसा वाकला. खांद्यावरचा कोरडा टॉवेल काढून त्यानं दोन्ही हातांनी समोर धरला आणि डोळे मिटून घेतले.

त्यानं डोळे उघडले, तेव्हा टॉवेल त्याच्याच हातात होता, नीट घडी घातलेला, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.